पहाटे स्वेटर, दुपारी ऊन

कोजागरीचं दूध आटवायचे दिवस आले की देवळाली कॅम्पातल्या घरांत रोज सकाळी तोच गोंधळ सुरू होतो. सहाला दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर अंगावर काटा येतो. आठला स्कूटर काढताना वारा बोचतो. दुपारी साडेबाराला शाळेच्या फाटकाशी पोराची वाट बघत उभं राहिलं तर पाठ भाजते, ब्लाउज अंगाला चिकटतो. संध्याकाळी सातला भाजी घेऊन परतताना पुन्हा दंड चोळावेसे वाटतात. सकाळी एकदा कपडे घातले की रात्रीपर्यंत बदलायला सवड नाही, अशा नोकरी करणाऱ्या आईने या दिवसांत नेमकं काय घालावं, हा या प्रकरणाचा विषय.

हा गोंधळ हवेनेच घातलेला आहे. साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस उत्तर महाराष्ट्रातून पाय काढतो. आकाश निवळतं, हवेतली वाफ कमी होते. ढगांचं पांघरूण गेलं की जमीन दिवसा भराभर तापते आणि रात्री तितक्याच भराभर निवते. त्यात देवळाली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, समुद्रापासून सह्याद्रीने तोडलेली, जवळच दारणेचा काठ आणि भोवती उघडी शेती. नाशिक परिसरात ऑक्टोबरात कमाल तापमान ३२ अंशांच्या आणि किमान १८ अंशांच्या आसपास राहतं. नोव्हेंबरात हेच आकडे साधारण ३० आणि १४ वर येतात. म्हणजे एका दिवसात १४ ते १६ अंशांची चढउतार. मुंबईत ऑक्टोबरात हा फरक नऊ-दहा अंशांचा असतो, म्हणून मुंबईकर बाईला स्वेटर कपाटात कुठे आहे हेही आठवत नाही.

फॅशनच्या मासिकांत या ऋतूसाठी जे सल्ले येतात ते लंडन-न्यूयॉर्कच्या पानगळीवर बेतलेले असतात. लोकरी कोट, गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्याभोवती जाड मफलर. हे सगळं चढवून लॅम रोडवर भर दुपारी रिक्षाची वाट पाहून दाखवावी. आपल्याकडे शरद ऋतूतलं दुपारचं ऊन वैशाखाच्या खालोखाल तापदायक असतं. 'ऑक्टोबर हीट' हे आपण रोज बोलतोच. त्यामुळे इथल्या कपड्याचं काम फक्त ऊब देण्याचं नाही. ऊब सकाळी द्यायची, दहाला काढून घ्यायची आणि संध्याकाळी पुन्हा द्यायची, हे त्याचं खरं काम.

देवळालीत १८६१ पासून लष्कराची छावणी आहे आणि पुढे काकुलहून स्कूल ऑफ आर्टिलरीही इथेच आलं. लष्करात या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. उन्हाळी आणि हिवाळी गणवेश वेगळे, आणि कोणत्या तारखेपासून कोणता घालायचा हे आदेशाने ठरतं. त्याच रस्त्याने शाळेत, बँकेत, दवाखान्यात किंवा नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कामाला जाणाऱ्या बाईला असा आदेश कोणी काढत नाही. तिचा आदेश तिनेच काढायचा, तोही डबे भरता भरता.

मी या दिवसांतल्या प्रत्येक कपड्याला एकच कसोटी लावते. तो एका हाताने सांभाळता येतो का? लहान मुलं असलेल्या बाईचा दुसरा हात दिवसभर कशात ना कशात गुंतलेला असतो. मुलाचं मनगट, स्कूटरचं हँडल, डब्याची पिशवी, फाइल, मोबाइल, कोणाची तरी वॉटरबॅग. जो कपडा सावरायला, काढायला, चढवायला दोन्ही हात लागतात तो कितीही देखणा असला तरी कामाच्या दिवसाचा नाही.

आपल्या पणज्यांचं लुगडं या कसोटीला कधीच उतरलं होतं. नऊवारीला कासोटा असल्याने पाय सुटे राहतात. पदर कमरेला खोचला की दोन्ही हात मोकळे. ओच्यात भाजी, सुटे पैसे, पोरासाठी घेतलेले शेंगदाणे, काय हवं ते मावतं. कोळणींनी तेच लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून नेसलं, शेतकरणींनी पोटरीपर्यंत. विसाव्या शतकात शहरांतल्या शिकलेल्या बायकांनी सहावारी गोल साडी घेतली आणि नोकरीत तीच रुळली. कापड कमी, नेसायला सोपी, दिसायला नेटकी. पण कासोटा गेला, ओचा गेला, आणि पदरासाठी एक हात कायमचा नेमला गेला. नंतर पंजाबी ड्रेस आला, त्याने पाय परत दिले. ओढणीने मात्र तो अडकलेला हात काही सोडला नाही.

परत नऊवारी नेसा, असं मी सांगणार नाही. नऊ वार रोज धुवायचे, पिळायचे आणि फ्लॅटच्या गॅलरीत वाळत घालायचे कोणी? पण त्या वस्त्रात जी अक्कल होती ती वेगळ्या शिवणीत आणता येते, आणि ती कशी आणावी हे पाहायला दूर जायला नको. ऑक्टोबरात नाशिकच्या द्राक्षबागांत गोडी छाटणी सुरू होते. तिथे कामाला आलेल्या बायकांकडे नीट पाहा. साडीवर घरातल्या पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. सकाळी दव पडलेलं असतं तेव्हा शर्टाची बटणं गळ्यापर्यंत बंद. ऊन चढलं की वरची दोन सुटतात, बाह्या मात्र खालीच राहतात, कारण त्याच उन्हापासून आणि काड्यांच्या ओरखड्यांपासून वाचवतात. पदर शर्टाच्या आत गेल्यामुळे त्याची कटकट नाही. छातीवर खिसा, खिशात मोबाइल. घाम टिपतो, दुपारपर्यंत दोरीवर वाळतो, फाटला तर जीव हळहळत नाही. या पोशाखाची कुठल्या मासिकात दखल घेतली गेल्याचं मी पाहिलेलं नाही. पण समोरून उघडणारा, पातळ, सुती, खिसेवाला वरचा थर असावा, हा या मोसमाचा सगळ्यात शहाणा सल्ला त्या बायका अंगावर घालून फिरत असतात.

आता कापडाकडे येऊ, कारण निम्मी लढाई तिथेच जिंकली किंवा हरली जाते.

घाम येणं वाईट नाही. तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो; एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी. देवळालीची ऑक्टोबरातली हवा मुंबईपेक्षा कोरडी, म्हणून इथे घाम लवकर वाळतो आणि कपड्याने अडवलं नाही तर शरीर आपोआप थंड होतं. अडवतं कोण, ते धाग्यावर ठरतं. प्रयोगशाळेतल्या ठराविक हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, १३ टक्क्यांच्या आसपास. लोकर १६ टक्क्यांच्या. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून जॉर्जेटची किंवा पॉलिएस्टर क्रेपची साडी दुपारी बाराला नुसती अंगाला चिकटते. तिला इस्त्री लागत नाही, सुरकुती पडत नाही, रात्रीत वाळते, हे सगळे गुण मान्य. सकाळी पाच मिनिटं वाचवणारी वस्तू आईला प्रिय असणारच. पण तो वाचलेला वेळ दुपारी अंगावरच्या पुरळाने वसूल होतो. मधला मार्ग म्हणजे सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्र कापड. ते कमी चुरगळतं आणि घामही पितं.

रेयॉनबद्दल सावध करायला हवं, कारण बाजारातले निम्मे तयार कुर्ते त्याचेच असतात. मऊ, झुळझुळीत, स्वस्त, घाम शोषणारं. पण ओलं झालं की रेयॉनचा धागा बरीच ताकद गमावतो. बादलीत पिळून, आपटून, ओलाच दोरीवर लटकवला की चार धुण्यांत कुर्ता लांबीला वाढतो, किंवा आटतो, आणि खांद्याशी विरतो. घेतलात तर न पिळता, घडी घालून दाबून पाणी काढा.

दुकानात कापड ओळखायची जुनी रीत अजून चालते. कोपरा मुठीत गच्च धरायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचा. जाळीसारख्या कडक सुरकुत्या राहिल्या तर ते सकाळी इस्त्री मागणार. अजिबात काही उमटलं नाही तर त्यात कृत्रिम धागा भरपूर. हलक्या लाटा उठून सैल झाल्या तर घ्या. मग ते उजेडाकडे धरा. पलीकडची बोटं मोजता आली तर अस्तर लागेल, आणि अस्तर म्हणजे दुपारी आणखी एक थर. शिवायला टाकण्याआधी सुती कापड आणि अस्तर दोन्ही एकदा भिजवून, सावलीत वाळवून घ्यायचं. हे आपल्या आयांना माहीत होतं. आपण घाईत विसरतो आणि पहिल्या धुण्यानंतर अस्तर आत गोळा होऊन बसतं.

रंगाचं काय? घामाचा डाग करड्या आणि मध्यम निळ्या रंगावर सगळ्यात जास्त उठून दिसतो, पांढऱ्यावर आणि गडद नेव्हीवर कमी. बारीक छापाच्या कापडावर घाम, दूध, वरण, खडू, शाई, सगळंच लपतं. साधं एकरंगी कापड ऑफिसात भारदस्त वाटतं खरं, पण कडेवर मूल घेणाऱ्या बाईने सांगानेरी, बागरू, कलमकारी असला भरगच्च छाप घ्यावा.

थरांचं शास्त्र थोडक्यात असं: ऊब कापडात नसते, दोन कापडांमध्ये अडकलेल्या निश्चल हवेत असते. त्यामुळे एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कुर्ता आणि त्यावर पातळ विणीचं कार्डिगन जास्त उपयोगी, आणि दहा वाजता ते कार्डिगन काढता येतं. डोक्यातून घालायचं स्वेटर मी या मोसमासाठी बाद धरते. ते काढायला दोन्ही हात, सुटलेली वेणी आणि मोकळी जागा लागते. वर हेल्मेट असलं तर विचारूच नका. समोरून उघडणारं, बटणांचं किंवा चेनचं, एका हाताने सुटणारं असावं. दुसरी अट अशी की घडी करून ते स्कूटरच्या डिकीत मावलं पाहिजे, नाहीतर दिवसभर ते हातात वागवावं लागतं आणि हात पुन्हा अडकतो. बिनबाह्यांचं सुती जाकीट हाही चांगला तोडगा आहे. छाती आणि पाठ सांभाळली की दंडांना थोडा गारठा चालतो, आणि फळ्यावर लिहिताना किंवा काउंटरवरून वाकताना काखेत ओढ बसत नाही.

पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या बायकांना याहून मोठा पेच असतो. सकाळी सातच्या सुमारास नाशिक रोडहून निघणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने रोज कामाला जाणाऱ्या पासधारकांत आयाही आहेत. घरून निघताना गारठा, इगतपुरीला धुकं, कसारा घाट उतरला की हवा जड होऊ लागते आणि मुंबईत पाय ठेवेस्तोवर दमट उकाडा. त्यांच्यासाठी कार्डिगनपेक्षा मोठी सुती किंवा पातळ लोकरी शाल बरी. ती गाडीत पांघरूण होते, उतरताना चपटी घडी होऊन पर्सच्या तळाशी जाते, आणि परतीच्या प्रवासात डोळा लागला तर उशीही होते.

स्कूटरचा विषय निघालाच आहे तर पदर-ओढणीचं सांगायलाच हवं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये, दुचाकीच्या मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण असावं अशी अट आहे. कशासाठी, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. म्हणजे हा धोका कायद्याने मानलेला आहे. पण जाळी मागच्या चाकाला असते. पुढे बसून चालवणाऱ्या बाईची ओढणी वाऱ्याने मागे जाते, ती बाजूने कुठेही जाऊ शकते. गळ्याभोवती सैल ओढणी घेऊन गाडी चालवू नका. तिची टोकं मागे नेऊन कमरेला गाठ मारा, किंवा सनकोटाच्या आत घाला. पुण्या-नाशिकच्या मुलींनी तोंडाला स्कार्फ बांधायची जी पद्धत काढली तिला बरेच जण हसतात. मला ती शहाणपणाची वाटते. धूळ, ऊन आणि सकाळचा गार वारा तिन्ही एका कापडाने थांबतात, आणि ते कापड घट्ट बांधलेलं असल्याने उडत नाही. फक्त हेल्मेट त्याच्यावर हवं, त्याच्याऐवजी नको.

खिशावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ओचा गेल्यापासून ही जागा रिकामीच राहिली आहे. पुरुषांच्या साध्या पँटला चार खिसे, आणि बाईच्या हजार रुपयांच्या कुर्त्याला एकही नाही. असला तरी त्यात रुमाल जेमतेम मावतो. छावणीच्या गावात एक सोय असते, गणवेश शिवणारे शिंपी. त्यांना खिसा शिवायचा म्हणजे काय हे माहीत असतं. संवाद साधारण असा होतो.

"खिसा? लेडीज कुर्त्याला?"

"हो काका, उजव्या बाजूला. मोबाइल पूर्ण आत गेला पाहिजे."

"मग कट दोन इंच खाली घेऊ ताई, नाहीतर खिसा खालून डोकावेल."

"चालेल. आणि मोबाइलच्या वजनाने कुर्ता एकीकडे ओढला जातो, त्याचं काय?"

"खिशाला आतून पट्टी देऊन कमरेच्या शिवणीत धरतो. वजन पट्टीवर येईल, कापडावर नाही. तोंडाला दोन्ही टोकांना दुहेरी टाका."

"आणि आत माया ठेवा."

"दोन्हीकडे दीड-दीड इंच ठेवतो."

यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे. आजकालचा मोबाइल १८०-२०० ग्रॅमचा. पातळ कापडावर तो दिवसभर लोंबला की शिवण उसवते आणि कुर्त्याचा गळा एका बाजूला सरकतो. खिशाचं कापड कुर्त्याचंच पातळ घ्यायचं नाही. पँटच्या खिशाला लावतात ते घट्ट विणीचं सुती मागायचं. खोली एक वीत, तोंड तिरकं, म्हणजे बसल्यावर वस्तू सांडत नाही आणि तिथे एकच हात सहज जातो. माया ठेवायची ती मात्र शरीरासाठी. बाळंतपणानंतर वर्ष-दीड वर्ष माप बदलत राहतं. दीड इंच माया असलेला कुर्ता सोडवता येतो, पुन्हा आवळता येतो; तयार कपड्यांत अर्धा इंचही क्वचित सापडते. साडी नेसणाऱ्यांनी परकरालाच खिसा लावून घ्यावा. जुन्या बायका कमरेला चंची खोचत, तिचीच ही पुढची पायरी.

बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या कपड्यांचं शास्त्र वेगळं आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन जादा सुट्यांची तरतूद होती. २०१७ च्या सुधारणेने पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची अट घातली. त्यामुळे मार्च-एप्रिलात बाळंत झालेली बाई बहुधा दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कामावर हजर होते, म्हणजे नेमकी या विचित्र हवेत. तिने मागून हुक असलेले ब्लाउज आणि पाठीवर चेन असलेले कुर्ते वर्षभर कपाटात ठेवावेत. आपल्या जुन्या चोळी-पोलक्यांची गाठ किंवा हुक पुढेच असत; त्यामागचं कारण ज्याने त्याने ओळखावं. कुर्त्याला पुढच्या दोन्ही उभ्या शिवणींत लपती चेन लावून घेतली तर बाहेरून काही कळत नाही आणि एका हाताने काम होतं. टिचबटणं नकोत, शांत खोलीत त्यांचा आवाज बाळाला दचकवतो. दूध झिरपण्याच्या दिवसांत आत जुन्या मऊ धोतराच्या चौकोनी घड्या ठेवाव्यात, वर छापाचं कापड आणि पुढून बंद होणारं जाकीट. गार वाऱ्यात ओला कपडा छातीवर राहिला की हुडहुडी भरते, म्हणून पर्समध्ये एक सुकी जोडी हवीच.

कपड्यांवर हक्क सांगणारे इतरही असतात. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाचे नियम काढले. साडी, सलवार-कुर्ता, चुडीदार, पँट-शर्ट चालेल, पायात स्लिपर नको, आणि शुक्रवारी खादी. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठीही सूचना आल्या, त्यात शिक्षिकांना साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता सांगितला. यातली खादीची कल्पना मला या ऋतूपुरती तरी मनापासून पटते. हातमागाच्या सैल विणीतून हवा खेळते, आणि सकाळी तीच वीण थोडी ऊबही धरते. ओढणीच्या सक्तीबद्दल मात्र माझा तक्रारीचा सूर आहे. दोन मीटर कापड आवरत पहिलीच्या वर्गात चाळीस पोरं सांभाळून पाहावीत, मग नियम लिहावा. तोवर ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनेने पक्की करणं किंवा आडवी टाकून कमरेला गाठ मारणं हाच उपाय.

आणि नवरात्र. या शतकाच्या सुरुवातीला 'महाराष्ट्र टाइम्स'ने नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्या ऑफिसांत, लोकलच्या डब्यांत, दवाखान्यांत, शाळांत त्या रंगांचे गट फोटो निघू लागले. यात मजा आहे, आणि बायकांनी एकमेकींना साडी उसनी देण्याचा एक छान व्यवहारही आहे. पण हे नऊ दिवस बहुतेक वेळा ऑक्टोबरच्या तापलेल्या दुपारींवर येतात, आणि घाईघाईत घेतलेली स्वस्त रंगीत साडी जवळजवळ नेहमीच पॉलिएस्टरची निघते. रंग ओढणीत, स्टोलमध्ये किंवा ब्लाउजात आणला तरी फोटोत तो दिसतोच. अंगाला लागणारं कापड सुतीच असू द्यावं. हिरवा सुती कुर्ता नसेल तर पांढऱ्या कुर्त्यावर हिरवी ओढणी. देवी त्यावर रागावत नाही.

या ऋतूची एक खरी देणगी म्हणजे ऊन. पावसाळाभर ट्रंकेत आणि कपाटात राहिलेल्या लोकरी कपड्यांना कुबट वास आणि बुरशीचे ठिपके येतात, कसर लागते. दसऱ्याच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी सगळं बाहेर काढून, झटकून, उलटं करून ऊन दाखवायचं. मुलांची शाळेची स्वेटरंही त्याच वेळी अंगाला लावून बघायची, कारण मागच्या हिवाळ्यातली बाही हमखास आखूड झालेली असते. डांबराच्या गोळ्या टाकलेले कपडे किमान दिवसभर वाऱ्यावर ठेवल्याशिवाय लहानग्यांच्या अंगाला लावू नयेत.

उन्हाचा आणखी एक उपयोग हळदीच्या डागाला. वरणाचा हात कुर्त्यावर पुसला गेला की आपण साबण लावतो, आणि डाग लालभडक होतो. अनेकींना वाटतं कुर्ता गेला. हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कलीने लाल दिसतं, इतकंच. साबण धुऊन काढला की पिवळा रंग परत येतो आणि तो रंग प्रकाशाने मोडतो. ओला कुर्ता डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाका, दोन दुपारींत बहुतेक डाग फिका पडतो. दुधाच्या आणि रक्ताच्या डागाचं उलट. त्यांना आधी गार पाणीच, कारण गरम पाण्याने त्यातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात.

किती कपडे लागतात, हा शेवटचा हिशेब. आठवड्यातून दोनदा धुणं होत असेल तर चार सुती कुर्ते किंवा साड्या, दोन खालचे, एक कार्डिगन, एक जाकीट, एक मोठी ओढणी-शाल एवढ्यात दसरा ते नोव्हेंबरअखेर सहज निघतो. खालचे दोन्ही काळ्या किंवा नेव्ही रंगाचे असले की सकाळी जुळवाजुळवीचा प्रश्नच राहत नाही. नवीन शिवायचं असेल तर कापड भिजवून नवरात्र बसायच्या आतच शिंप्याकडे टाका. दसरा उलटला की त्याच्या खुंटीवर दिवाळीचे कपडे लागतात, आणि त्यानंतर खिशाची, चेनची, दीड इंच मायेची गोष्ट काढली तर "ताई, आता दिवाळीनंतरच बघू" एवढंच उत्तर मिळतं.